गोड्या पाण्याने धुतलेली मोटारसायकल

माझ्या टाकीचा मूळ रंग कोणता, हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही, मित्रांनो. मी लाल होते. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. आज माझ्या मडगार्डवर गंजाची खपली धरली आहे, डावा आरसा नाही, आणि उजवा इंडिकेटर एकदा लागला की लागूनच राहतो. वीस वर्षं मी मागे टाकली. मोटारसायकलीच्या मानाने हे पणजीचं वय झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कुणी मला चाकं बसवली, कुणी हँडल, कुणी दिवा. शेवटी एका माणसाने किक मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि समाधानाने मान हलवली. ती माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी.

विलेपार्ल्याच्या नंदकिशोर करमरकरांनी मला विकत घेतलं. अंधेरीच्या एका कचेरीत ते नोकरीला होते. त्यांची मुलगी गंधाली तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. माझ्या टाकीवर बसून ती हॉर्न दाबायची आणि समोरचा बसवाला बाजूला झाला की टाळ्या वाजवायची. दहा वर्षं मी पार्ले ते अंधेरी आणि अंधेरी ते पार्ले केलं. मग मेट्रो सुरू झाली, करमरकरांचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी इमारतीच्या खाली, जिन्याजवळ, उभी राहिले ती राहिलेच. कबुतरं माझ्यावर बसू लागली. कुणीतरी मोडकी खुर्ची माझ्या सीटवर आणून ठेवली. टायर बसले. एके दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, की बंद गाड्या महिनाअखेर भंगारात जातील.

भंगारवाला फाटकापाशी येऊन उभा होता, तेव्हा गंधाली धावत खाली आली. ती आता मोठी झाली होती. अंधेरीच्या एका कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकीचं संशोधन करत होती.

"बाबा, हिला देऊ नका. मला प्रोजेक्टला गाडी लागणार आहे."

"ही? अगं, ही उठायची नाही आता."

"उठवून तर बघू या ना."

मी उठले. प्लग, टायर, चेन, कार्ब्युरेटर असं बरंच काही बदलावं लागलं, पण उठले. पहिल्या फटक्याला काळा धूर निघाला आणि गंधाली खोकत खोकत हसली. ते हसू मला अजून आठवतं.

तिचा विषय होता शहरातली मोटारसायकलींची वाहतूक. अंधेरीच्या सिग्नलपाशी मला स्टँडवर लावून ती वहीत रेघा मारायची. हिरवा दिवा लागायच्या आत किती मोटारसायकली पांढऱ्या रेषेच्या पुढे घुसतात, दोन रिक्षांच्या मधून किती जातात, फुटपाथवर किती चढतात. माझ्याच भावंडांची ही मोजदाद पाहताना मला गंमत वाटायची.

फेब्रुवारीत तिच्या यज्ञेश सरांनी नवं काम दिलं. "बोरिवलीच्या खाडीवरून लाँच पलीकडे जाते. शनिवार-रविवारी तिच्यातून किती बाइक समुद्रावर जातात, ते मोज. पार्किंग कुठे करायचं, ते आपल्याला सुचवायचंय."

मित्रांनो, मी तोवर कधी बोटीत बसले नव्हते. एका फळीवरून मला लाँचमध्ये चढवलं, आणि इंजिन बंद असताना मी चालू लागले! दहा मिनिटांत पलीकडचा धक्का आला. तिथे एक रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. त्याने एका हाताने माझं हँडल धरलं, दुसऱ्याने मागचं कॅरिअर, आणि मला फळीवरून अलगद उतरवून घेतलं. तो चंदू.

चंदूची बायको मथुरा रोज पहाटेच्या लाँचने बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला जायची आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन परतायची. दुसऱ्या शनिवारी ती गंधालीच्या शेजारीच बसली.

"काय गो पोरी, सारखी रेघा मारीत बसतेस? पोलिसातली हायेस काय?"

"नाही मावशी, कॉलेजातली आहे. गाड्या मोजते."

"गाड्या मोजून पोट भरतं काय? चल, घरी चल. जेवलीस का कायतरी?"

असं आमचं करंजपाड्याला जाणं सुरू झालं. धक्क्यापासून पाच मिनिटांवरचा हा कोळ्यांचा पाडा. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेचं. सगळी भिस्त एका विहिरीवर. चंदूच्या घरामागे ती होती, काळ्या दगडांनी बांधलेली, फार खोल नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीचं पाणी मात्र गोड. आठ-दहा घरं ते प्यायची. मथुरामावशीच्या वाडीतली वांगी आणि मुळे त्याच पाण्यावर वाढायचे. मावशीने तांब्या पुढे केला, तो गंधालीने एका दमात रिकामा केला.

चंदूकाकांचं पूर्वी एका मासेमारीच्या बोटीत काम होतं. मासळी कमी झाली, बोट विकली गेली. मग त्यांनी विहिरीवर पंप बसवला आणि अंगणात मोटारसायकली धुवायचं काम सुरू केलं. वाळूत, लाटांत गाड्या घालून पोरं परत यायची. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाला गाडी गोड्या पाण्याने धुऊन हवी असायची. रविवारी संध्याकाळी चंदूकाकांच्या अंगणाबाहेर रांग लागायची.

मलाही त्यांनी धुतलं. दर रविवारी, आग्रहाने, फुकट. खरं सांगते, मित्रांनो, तसं सुख मी कारखान्यातून निघाल्यापासून अनुभवलं नव्हतं. पंपाची जाड धार चाकांच्या आऱ्यांतून फिरायची, साखळीतली वाळू निघून जायची, तापलेलं इंजिन निवायचं. चंदूकाका माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, "म्हातारी हाय, पन झकास हाय!" मी ओली, चकचकीत होऊन उन्हात उभी राहायचे. हे पाणी कुठून येतं आणि कुणाच्या वाटणीचं आहे, असा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी मावशीने चहा दिला. गंधालीने घोट घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"मचूळ लागतोय ना?" मावशी म्हणाली. "परवापासून डाळ पन शिजत नाय. तीन तास ठेवली चुलीवर, तरी दाना तसाच."

पुढच्या खेपेला गंधालीने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पाण्याचा खारटपणा मोजायचं मीटर आणलं. पेनाएवढंच ते, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. आकडा जेवढा मोठा, तेवढं पाणी खारं. शनिवारी सकाळी नऊशे आला, रविवारी संध्याकाळी सोळाशे. मग ती मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवसांतही येऊ लागली. गुरुवारपर्यंत आकडा पुन्हा खाली यायचा, पण पहिल्या जागी नाही, थोडा वरच थांबायचा. मे उजाडला तेव्हा तो चोवीसशेवर गेला होता. वांग्यांच्या पानांच्या कडा जळू लागल्या. पाड्यातल्या बाया हंडे घेऊन दूरच्या टाकीवर जाऊ लागल्या.

पाड्यात चर्चा एकच. टेकडीजवळ कुणा शहरी माणसाचा बंगला होता, त्याच्या आवारात बोअर होती. "तोच आपलं पानी ओढतोय," असं चंदूकाका सगळ्यांना सांगत होते, आणि ते त्यांना अगदी मनापासून खरं वाटत होतं. पुढच्या शनिवारी देवळापुढे सभा घेऊन बंगल्याच्या फाटकाला टाळं ठोकायचं ठरलं.

गंधाली बंगल्यावर जाऊन आली. रखवालदाराने बोअर दाखवली. तिची मोटर दिवाळीतच जळली होती. बोअरच्या झाकणावर कोळिष्टकं धरली होती.

त्या दिवशी ती बोरिवलीच्या धक्क्यावर माझ्या सीटवर बराच वेळ बसून राहिली. मांडीवर दोन वह्या होत्या. एकीत मोटारसायकलींच्या रेघा, दुसरीत खारटपणाचे आकडे. तिने एका कागदावर दोन्हींच्या रेषा काढल्या. जिथे मोटारसायकली वाढल्या, तिथे दुसऱ्या दिवशी खारटपणा वाढला. होळीच्या सुट्टीत गाड्या दुप्पट, मीठही दुप्पट. एका शनिवारी लाँच बंद होती, त्या आठवड्यात पाणी सुधारलं होतं. बंगल्याचा यात काही संबंध नव्हता. चंदूकाकांचा पंप समुद्राला विहिरीत ओढत होता. आणि तो पंप कशासाठी चालायचा? आमच्या आंघोळीसाठी. माझ्याही.

घरी पोचल्यावर बाबा खाली आले. तिचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय गं, कुठे पडलीस का?"

तिने सगळं सांगितलं. "बाबा, मी तीन महिने त्यांच्याकडे जेवतेय. त्यांच्याच विरुद्ध सभेत कशी उभी राहू?"

"मग गप्प बसशील?"

"गप्प बसले तर त्या बंगलेवाल्याच्या फाटकाला टाळं लागेल. आणि विहीर खारी व्हायची ती होईलच."

करमरकरांनी माझ्या हँडलवर हात ठेवला. "सभेच्या आधी त्या मथुराबाईंना सांग. घरातली गोष्ट आहे, घरात आधी कळू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गंधाली आणि मथुरामावशी विहिरीच्या कठड्यावर बसल्या. गंधालीने कागद पुढे केला. मावशीने तो बाजूला सारला.

"ह्या रेघा मला नाय कळत. तोंडाने सांग."

"मावशी, दुधावर साय असते ना? तसं इथे खाली समुद्राचं खारं पाणी आहे आणि त्याच्यावर गोड्या पाण्याची साय. बादलीने हळूहळू काढलं तर साय येते. एकदम पळी खोल खुपसली, की खालचं दूध वर येतं."

मावशी विहिरीत बघत राहिली. पंपाचा जाड पाइप पाण्यात उतरला होता.

"म्हंजे पळी आमचीच?"

 गंधालीने मान हलवली.

"तुजं चुकत तर नाय ना गो? नीट बघ. माज्या नवऱ्याचं पोट हाय ह्याच्यावर."

"चुकत असेन तर तेही कळेल. दोन आठवडे पंप बंद ठेवा. पाण्याचा खारटपणा उतरला नाही, तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन."

"तो ऐकायचा नाय," मावशी म्हणाली. पण तिने मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

शुक्रवारी पहाटे मथुरामावशीने पंपाच्या पेटीतला फ्यूज काढला, पिशवीत गुंडाळून पापलेटांच्या बर्फाखाली ठेवला आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला गेली. चंदूकाकांनी दुपारपर्यंत पंपाला लाथा घातल्या. मावशी परत आल्यावर त्यांना कळलं.

त्याच वेळी आम्ही अंगणात शिरलो होतो. चंदूकाकांचा आवाज फार मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला.

"पोरी, आमच्या ताटात बसून जेवलीस ना? आन् आता माज्याच पोटावर पाय?"

"काका, मी..."

"हिला कशाला बोलतोस?" मावशी मध्ये पडली. "फ्यूज मी काढला. उद्या सभेत पन मीच सांगनार. दोन हप्ते बंगल्यावर कोन जायचं नाय आन् पंप कोन लावायचा नाय."

सभेत ती तसंच बोलली. शेजारची मालन कुजबुजली, "बाई, नवऱ्याला सोडून बंगलेवाल्याची बाजू?" मावशीने ऐकलं आणि सोडून दिलं. टाळं मात्र लागलं नाही. दोन आठवड्यांची मुदत पडली.

ते दोन आठवडे फार जड गेले, मित्रांनो. रविवारी पोरं गाड्या घेऊन यायची आणि बंद पंप बघून चिडून जायची. चंदूकाका धक्क्यावर नुसते बसून असायचे. गंधालीशी बोलायचे नाहीत, आणि मला उतरवून घ्यायलाही उठायचे नाहीत. ती एकटीच मला ढकलायची.

दुसऱ्या रविवारी आम्ही परत निघालो तेव्हा ओहोटी होती. लाँच खाली गेलेली, फळी उभी तिरपी आणि शेवाळाने बुळबुळीत. गंधालीने ब्रेक दाबून मला सावकाश उतरवायला घेतलं. माझं मागचं चाक सरकलं. तिने हँडल सोडलं नाही, लाँचवाला ओरडला, "सोड, सोड गं!" आणि तिने सोडलं. मी फळीवरून खाडीत गेले.

गढूळ, खारं पाणी माझ्या सायलेन्सरमध्ये शिरलं. दिवा चिखलात रुतला. वरचा उजेड हिरवा दिसत होता. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात पाणी ढवळलं आणि एक रुंद हात माझ्या चाकातून दोर ओवू लागला. चंदूकाकांनी उडी मारली होती.

चौघांनी मला ओढून वर काढलं. गंधाली रडतच किक मारायला गेली.

"हात लावू नको!" चंदूकाका ओरडले. "आता किक मारलीस तर इंजिन गेलं. आधी गोडं पानी मारायला पायजे. ढकल माज्यासंगं."

"नको काका. विहिरीचं नको. मी बोरिवलीला नेते."

"तिथवर खार धरंल. चल म्हनतो ना!"

अंगणात त्यांची नजर पंपाकडे गेली. फ्यूज नव्हताच. मावशी दारात उभी होती, पण तो द्यायला ती हलली नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. त्यांनी खुंटीवरचा दोर काढला, बादली बांधली आणि विहिरीत सोडली.

एक बादली, दोन, तीन. दर बादलीला त्यांचे खांदे भरून यायचे. पाणी ते जपून ओतत होते, आधी इंजिनवर, मग साखळीवर, मग चाकांच्या मधोमध. सहावी बादली काढल्यावर त्यांना धाप लागली. त्यांनी ओंजळ भरली, तोंडावर मारली. ओठांवर ओघळलेलं पाणी जिभेवर आलं आणि ते थांबले. पुन्हा ओंजळ भरली. या वेळी प्यायले.

"मथुरा! हिकडं ये."

मावशीने बादलीत हात घातला, चाखलं आणि डोळे मिटून घेतले. गंधालीने पिशवीतून मीटर काढलं.

"ठेव ते," चंदूकाका म्हणाले. "जिभेला कळलं."

तरी तिने मोजलंच. अकराशे. पहिल्यासारखं नव्हतं, पण चोवीसशेवरून खाली आलं होतं.

चंदूकाका कठड्यावर बसले. त्यांच्या तळहातांवर दोराचे लाल वळ उठले होते. मी अजून अर्धीच धुऊन झाले होते. "सा बादल्या गेल्या आन् अजून अर्दी हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग गंधालीकडे न बघता त्यांनी विचारलं, "रविवारी मी किती गाड्या धुवायचो गो? तुज्या वहीत असंल."

"साठ, काका. कधी सत्तर."

 चंदूकाकांनी सदरा काढला, तो उरलेल्या पाण्यात पिळला आणि माझं राहिलेलं अंग ओल्या सदऱ्याने पुसून काढलं. माझ्या टाकीवर थाप मारली नाही. नुसता हात ठेवला.

त्यांनी कुणाची माफी मागितली नाही आणि कुणी त्यांच्याकडून मागितली नाही. पंप आता घराघरांसाठी सकाळी थोडाच वेळ चालतो आणि फ्यूज मथुरामावशीच्या ताब्यात असतो. गंधालीच्या सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "वाहतुकीच्या अहवालात विहीर कशाला?" मग त्यांनी दोन रेषांचा तो कागद नीट पाहिला आणि विहिरीचं एक प्रकरण अहवालात घालायला सांगितलं. गाड्या बोरिवलीच्याच काठावर ठेवाव्यात, माणसांनी तेवढं पलीकडे जावं, अशी शिफारस त्यात आहे. तिच्यावर अजून निर्णय झालेला नाही. चंदूकाका मात्र त्या निर्णयासाठी थांबले नाहीत. अलीकडच्या काठावर, ओळखीच्या एका आवारात, ते गाड्या सांभाळतात. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे. कधीकधी त्यांची चिडचिड होते, असं मावशी सांगते. तिने वांग्यांचा जळालेला वाफा उपटून नवीन रोपं लावली. मालनने तिला पाणी घालायला मदत केली.

माझं म्हणाल तर खाडीचा खार पुरता निघाला नाही. मी अजून काही महिने धावले, मग साखळी आखडली, सायलेन्सरला भोकं पडली. आता गंधाली मला फक्त पार्ल्यातल्या पार्ल्यात नेते. चांगल्या दिवशी किक चौथ्या फटक्याला लागते.

मित्रांनो, गाडीवर प्रेम करू नका, तिची निगा राखू नका, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण मला धुवायला धार लागत नाही. ओलं फडकं पुरतं. समुद्रावर जाल तेव्हा मला वाळूत घालू नका, काठावर ठेवा आणि पायी जा. आणि तिथे कुणी गोड्या पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो प्या, सांडू नका.

मी गंजून गेले तर दुसरी मोटारसायकल येईल. करंजपाड्याला दुसरी विहीर नाही.